दुधाचा गुण

माझ्या दुधानं आत्याबाईंचा डोळा बरा होतो, ही बातमी गावभर पोचायला एक दुपार पुरली. खरी गोष्ट पटवायला मला अख्खा फाल्गुन लागला, आणि तरीही ती सगळ्यांना पटली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, रंभाबाई. पन्नाशी ओलांडलेल्या, पण पाठ अजून काठीसारखी सरळ. मामाजी, म्हणजे माझे सासरे, लवकर गेले, तेव्हापासून धानाची शेती त्यांनी एकटीनं ओढली. माणसंही तशीच ओढत आणली, सून धरून. आमचे हे तुमसरला राइसमिलमध्ये कामाला. रविवारी यायचे, तेही येतील तेव्हा खरे. अड्याळजवळच्या आमच्या त्या घरात एरवी आम्ही तिघीच. आत्याबाई, मी आणि पाच महिन्यांची कुंदा.

ते ऐंशी साल, सूर्यग्रहणाचं. ग्रहण होऊन थोडे दिवस गेले होते. आत्याबाई दुपारी ओसरीवर लाखोरीची डाळ पाखडत होत्या, मी आत कुंदाला पाजत होते. सुपाचा आवाज एकदम थांबला.

"उषा, सांज झाली का व?"

"नाही जी. आत्ताच तर जेवलो आपण."

"मंग अंधार काहून पडला?"

कुंदाला तशीच छातीशी धरून बाहेर आले. अंगणात डोळे दिपवणारं ऊन. आत्याबाई सूप मांडीवर घेऊन समोर टक लावून बसलेल्या.

"वरून परदा आला," त्या म्हणाल्या. "घोंगडं टाकल्यावानी. दुखून नाही राहिलं, खुपून नाही राहिलं. दिसूनच नाही राहिलं."

"दोन्ही डोळ्यांनी का एका?"

"डोळ्यानं दिसून नाही राहिलं सांगतलं ना तुले! मोजत कायले बसते? जाय, दूध आण."

"गाय तर संध्याकाळी..."

"गाईचं नाही व, तुहं! बाळंतिणीचं दूध डोळ्याले अमृत."

आता हे मला नवं नव्हतं. माझ्या माहेरीही लहान मुलांच्या डोळ्यांना चिपडं आली की आई हेच करायची. मी आत जाऊन कुंदाला ओढून बाजूला केलं. तिनं आकांत मांडला. लहानशा वाटीत चार थेंब काढले, बाहेर येऊन आत्याबाईंची मान मागे केली आणि बोटानं दोन्ही डोळ्यांत घातले. त्या डोळे मिटून बसल्या, मग किलकिले केले, मग टक्क उघडले.

"आला! आला व! दिसते! कुडावर कावळा बसला, तोही दिसते!"

कुडावर कावळा होता आणि कुडापलीकडे शेजारची देवकाबाई होती. तेवढंच पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच देवकाबाई वाटी घेऊन दारात. तिच्या मालकाच्या डोळ्यात भुसा गेला होता. तिच्यामागे एक म्हातारी, तिचे डोळे आलेले. त्यानंतर कुणाची रांजणवाडी, कुणाला नुसतंच पाणी यायचं. आत्याबाई ओसरीवर बसून सगळं चालवत होत्या.

"वाटी धुवून आणली का? नाही आणली तं जाय परत. उषा, गोमाजीले दोन थेंब दे. बुढा आहे, दोनानं होते त्याचं."

"आत्याबाई, कुंदाला पुरलं पाहिजे ना?"

"तिले का कमी आहे? तू गूळ खाय, मेथी खाय."

देवकाबाईनं आणखी एक शोध लावला. पोरगी झालेल्या बाईचं दूध डोळ्याला जास्त थंड असतं म्हणे. कुंदा झाली तेव्हा हीच बाई 'पहिली बेटी, धनाची पेटी' म्हणाली होती, पण तोंड असं करून की पेटी रिकामीच निघाली जशी. आता कुंदाच्या गालावरून बोटं उतरवून स्वतःच्या कानशिलावर मोडायची. माझी लेक उपाशी रडत होती आणि गावाला तिच्या मुलगी असण्याचा साक्षात्कार होत होता. हसावं का डोकं आपटावं, मला कळत नव्हतं.

पण माझा जीव भलतीकडेच अडकला होता. जे न बोलावता आलं आणि न सांगता गेलं, ते पुन्हा येणार नाही कशावरून?

ते आलंच. एकदा विहिरीवर, एकदा चुलीपुढं भाकर थापताना. दर वेळी तसंच. वरून पडदा, थोडा वेळ अंधार, "उषा, दूध आण," कुंदाचा आकांत, आणि वाटी येईस्तोवर उजेड. मी म्हणायची, "आत्याबाई, दवाखान्यात दाखवू." त्या म्हणायच्या, "घरात औषध असून बाहेर कायले हिंडा?"

गोमाजी म्हणजे मामाजींचे चुलतभाऊ, संध्याकाळी चिलीम ओढायला आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. ते एकदा बोलून गेले, "वहिनी, गिरान तं नाही पाह्यलं कोणी तुमच्या घरी? त्याचंच असन हे."

"माह्या घरात?" आत्याबाई अशा कडाडल्या की म्हाताऱ्याची चिलीम विझली. "मी सगळ्यायले कोंडून ठेवलं होतं त्या दिवशी! इचार इले!"

ते खरं होतं. ग्रहणाच्या दुपारी त्यांनी मला आणि कुंदाला आतल्या खोलीत घातलं, खिडकीवर गोणपाट ठोकलं आणि बाहेरून कडी लावली. मला सूर्य तर सोडाच, माझा हातसुद्धा दिसला नव्हता. मी तसं सांगितलं. गोमाजींनी विझलेली चिलीम पुन्हा पेटवली. आत्याबाई मात्र त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या.

मला खरी भीती होती ती कुंदाच्या आंघोळीची. कुंदाला रोज आत्याबाईच न्हाऊ घालायच्या. मागच्या सांदवाडीत पाटावर पाय पसरून बसायच्या, पोरगी पायांवर पालथी, एका बाजूला कढत पाण्याचा गंज, दुसऱ्या बाजूला गार पाण्याची बादली. हातानं पाणी विसणायचं, गडव्यानं ओतायचं. त्यांच्या हाताखाली कुंदा लोण्यासारखी मऊ पडायची. माझ्या हातात तीच पोरगी मासोळी व्हायची. "आत्याबाई, आज मी घालते" असं एकदा म्हणून पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "काहून? माहे हात झडले का?" यावर सुनेनं काय बोलायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग मी न्हाणीच्या वेळी काहीतरी निमित्त काढून तिथंच घोटाळायला लागले. कधी लाकडं सारायची, कधी दांडीवरचं लुगडं पुन्हा झटकायचं.

"तुले घरात काम नाही का व?"

"आहे जी."

"मंग कर ना ते!"

रविवारी हे आले. मी सगळं सांगितलं, पडदा, विहीर, चूल, आंघोळ, एका दमात. त्यांनी आईकडे पाहिलं. आई अंगणात तांदळातले खडे वेचत होती, एकेक बोटांच्या चिमटीत.

"माय, दिसते ना आता?"

"मस्त दिसते."

"मंग झालं," हे म्हणाले आणि पाटावर बसले. "जेवाले दे."

माझ्या हातातला भाताचा चमचा मी कुठं ठेवला हे मला आजही आठवत नाही. पण ताटात नक्कीच हळू ठेवला नसणार, कारण थोड्या वेळानं त्यांनी घसा खाकरला आणि सांगितलं, "अड्याळच्या शाळेत डोळ्याचं शिबिर आहे म्हणते. फुकट पाहतेत. जाऊन येऊ."

शिबिर बाहेरगावच्या कुठल्याशा मंडळाचं होतं. शाळेच्या व्हरांड्यात म्हातारेकोतारे रांगेनं बसलेले, ऑपरेशन झालेल्यांच्या डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या. आमचा नंबर लागायला ऊन माथ्यावर आलं. आत एक तरुण डॉक्टर खाली मान घालून बॅटरी मारत होता. एक डोळा, दुसरा डोळा, पुढचा माणूस.

"मोतीबिंदू धरलाय. पिकला नाही अजून. पिकला की या, पुढच्या वर्षी."

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "यांचं जातं आणि येतं. मध्येच काही दिसत नाही, मग पुन्हा..."

"आत्ता दिसतंय ना, आजी?"

"दिसते ना बापू. तुह्या शर्टाचं बटन तुटलं, तेही दिसते."

सगळे हसले. डॉक्टरही हसला. रांगेवर उभा असलेला बिल्लावाला स्वयंसेवक माझ्या खांद्याकडे हात करून म्हणाला, "ताई, मागे लई लोक आहेत. पिकू द्या. पिकल्याशिवाय काढता येत नाही."

पिकू द्या! जसं काही झाडावर पाडाला आलेलं फळ आहे. मी तिथंच रडले असते, पण कुंदा आधीच रडत होती, आणि एका घरच्या दोघींनी एकदम रडलेलं बरं दिसत नाही.

येताना आत्याबाई पुढं, मान वर करून. "डाक्टरानं सांगतलं ना आता? पिकून राहिला. पिकते तवा असंच होत असन." हे म्हणाले, "हो, तसंच असन." आणि संध्याकाळच्या गाडीनं तुमसरला गेले. जाताना मला हळूच म्हणाले, "तू लई इचार करते." मी इतकंच म्हटलं, "तुम्ही थोडा केला असता तर मला इतका करावा लागला नसता." ते गाडीत चढले. ऐकलं की नाही, देव जाणे.

मग मी ठरवलं, दुधाचा हा गुण एकदा संपवायचाच. पुढच्या वेळी आत्याबाई कोठ्यात गाईला चारा टाकत होत्या. "उषा, दूध!" मी आत गेले. कुंदा झोपली होती, तिला उठवलं नाही. माठातलं पाणी वाटीत घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत घातलं. त्यांनी डोळे मिटले, किलकिले केले, उघडले.

"आला!"

"आत्याबाई, ते पाणी होतं."

"का?"

"दूध नव्हतं. माठातलं पाणी होतं. म्हणजे दुधानं काही होत नाही. तुमचं आपलं आपणच जातं आणि आपलं आपणच येतं. हे औषधानं बरं होत नाही, म्हणून तर दाखवायला पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवघरातला दिवा पायानं सारला. "मले फसवलं तू? पोटच्या लेकीसारखी ठेवली तुले!" त्या चारा तसाच टाकून निघून गेल्या. बोलणं बंद. देवकाबाईलाही कुडावरून हे कळलं. ती मात्र म्हणाली, "त्या वाटीले आधीचं दूध लागलं असन." 

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मौन सोडलं, ते असं.

"पाण्यानंही येते म्हणते ना तू?"

"हो जी."

"मंग लईच चांगलं. पाणी तं घरीच आहे. दवाखाना कायले?"

मी भिंतीला टेकून खाली बसले. इतक्या सरळ माणसाशी वाद तरी कसा घालायचा?

त्यानंतर काही दिवस पडदा आला नाही. निदान त्या तसं सांगत होत्या. चैत्र उजाडला, मोहफुलं पडायला लागली. आत्याबाई पहाटे टोपली घेऊन जायच्या आणि उन्हं चढायच्या आत भरलेली टोपली घेऊन यायच्या. अंगणभर फुलं वाळत पडलेली, घरात तो गोड जड वास. मलाही वाटायला लागलं, कदाचित गेलं असेल.

त्या सकाळी मी दांडीवर कपडे टाकत होते. मागं सांदवाडीत कुंदाची आंघोळ सुरू होती. आत्याबाई तिच्याशी बोलत होत्या, "पाह्य कशी टुकूटुकू पाहते, पाह्य," आणि मध्येच थांबल्या. सुपाचा आवाज थांबला होता ना, अगदी तसंच. मग गडवा गंजाच्या काठावर आपटल्याचा आवाज आला.

मी धावले. आत्याबाईंचा हात हवेत होता. गडवा वाकडा झाला होता आणि त्यातलं कढत पाणी, न विसणलेलं, त्यांच्या उजव्या पिंढरीवर सांडत होतं. वाफ निघत होती. आणि त्यांनी पाय हलवला नाही. कुंदा त्याच पायांवर होती, पालथी, ओली, निसरडी. पाय झटकला असता तर पोरगी न्हाणीच्या दगडावर गेली असती. आत्याबाईंनी दात असे आवळले होते की गालाचं हाड दिसत होतं. दुसऱ्या हाताचा पंजा त्यांनी कुंदाच्या पाठीवर घट्ट दाबून धरला होता.

"उषा," त्या म्हणाल्या. इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकलाच नव्हता. "पोरीले घे."

मी घेतलं. तेव्हा कुठं त्यांनी पाय ओढला.

मी गार पाण्याची बादली त्यांच्या पायावर रिकामी केली. मग त्यांच्या पुढ्यात बसले, कुंदाला मांडीवर ठेवलं आणि न विचारता त्यांच्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला.

"आता दिसते?"

"नाही. अंधार."

हात डाव्या डोळ्यावर नेला. "आता?"

"आता दिसते." त्या गोंधळल्या. "सगळं दिसते. तुह्या नाकाची मोरणीही."

म्हणजे डावाच जात होता. एका बाजूनं काळोख आला की घाबरून त्यांना सगळाच काळोख वाटायचा. इतके दिवस एकाच डोळ्यावर पडदा येत होता आणि आम्ही दोन्ही डोळ्यांत दूध ओतत होतो. मी कुंदाला पुसलं, झबलं घातलं, तोवर डावा डोळाही उजळला. आत्याबाईंनी तो स्वतःच झाकून, उघडून पाहिला. दूध मागितलं नाही. पाणीही मागितलं नाही.

"भंडाऱ्याची गाडी कवा आहे?" त्या म्हणाल्या.

"उद्या सकाळची..."

"उद्या कायले? आजची पाह्य."

गेला महिनाभर मी जे वाक्य ऐकायला तळमळत होते, ते आलं तर खरं, पण मला आनंद झाला नाही. त्यांची पिंढरी लाल झाली होती, आणि फोड यायला लागले होते.

देवकाबाईकडे गुरं सोपवली. अड्याळच्या स्टँडवर गाडी मिळाली. खिडकीशी आत्याबाई, मध्ये मी, मांडीवर कुंदा. पहेला गाव मागे पडलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "आता तं चांगलं दिसून राहिलं. डाक्टर म्हणन, आली कायले ही बुढी."

"म्हणू द्या."

"तू सांगशील ना?"

"मी सांगीन."

सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या खोलीत वयस्क डॉक्टर होते, जाड काचांचा चष्मा लावलेले. मी तयारीतच होते, पिकलं-न पिकलं ऐकायला. पण त्यांनी विचारलं, "एक डोळा का दोन्ही?"

इतक्या दिवसांत हे विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. मग मी भराभर सांगितलं, डावाच, वरून पडदा येतो, दुखत नाही, थोड्या वेळानं आपोआप जातो, पुन्हा येतो. त्यांनी मध्ये तोडलं नाही. दिवा बंद करून ते एक छोटं यंत्र आत्याबाईंच्या डोळ्याशी नेऊ लागले, तर आत्याबाईंनी मान मागं घेतली.

"साहेब, यातून आतलं दिसते?"

"दिसतं ना. पडदा दिसतो, नसा दिसतात."

"अन् सूर्यही दिसन?"

"सूर्य?"

अंधारात त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. फक्त आवाज येत होता. "गिरानाचा. इले मी खोलीत कोंडलं, पोरीले कोंडलं. अन् मीच पाह्यलं. मुसळ उभं केलं होतं थाळीत, गिरान सुटलं का ते पडते म्हणून पाहाले बाहेर आली, तं थाळीतल्या पाण्यात तो दिसला. कोर कापल्यावानी. एकडावच पाह्यलं साहेब. तवापासून तो आत बसला असन तं?"

तर हे होतं. गोमाजींवर कडाडल्या होत्या त्या यासाठी. दूध, पाणी, मोतीबिंदू, काहीही चाललं असतं त्यांना, फक्त कुणी आत डोकावून पाहायला नको होतं. मला खूप राग आला, आणि त्याच वेळी त्यांचा हात धरावासा वाटला. हातात कुंदा होती म्हणून दोन्ही राहिलं.

डॉक्टर हसले नाहीत. "पाण्यातही पाहू नये, डोळा भाजतो. पण तसा भाजलेला डोळा मधोमध काळा ठिपका धरून बसतो. तो असा येतो-जातो करत नाही. तुमचं वेगळं आहे." त्यांनी आत नीट पाहिलं, दिवा लावला, आणि डोळा सोडून आत्याबाईंचं मनगट धरलं. बराच वेळ धरून बसले. मग छातीला नळी लावली.

आत्याबाई माझ्या कानाशी आल्या. "डोळ्याचा डाक्टर ना हा? हात धरून कायले बसला?"

"बाई," डॉक्टर म्हणाले, "लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते?"

"सुजले होते ना. लई दिवस पडून होती. मायनं मोहाच्या टोळीच्या तेलानं चोळलं, तवा उठली."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून सावकाश सांगितलं. हृदयाची एक झडप तेव्हापासून खराब असावी, म्हणून ठोक्यांचा ताल चुकतो. ताल चुकला की रक्त साचतं आणि त्याची बारीक गुठळी होते. ती डोळ्याच्या नसेत अडकली की पडदा, सुटली की उजेड. "एखादी सुटली नाही, तर तो डोळा गेला. आणि डोळ्याऐवजी मेंदूत गेली तर हात, पाय, बोलणं. दिसायला लागलं म्हणजे बरं झालं असं समजू नका. अजून वेळ आहे, एवढाच त्याचा अर्थ."

"मग आम्ही कुठं जायला हवं होतं?" मी विचारलं. आवाजात चीड होती, पण ती त्यांच्यावर नव्हती.

"इथंच. मोठ्या दवाखान्यात, त्याच दिवशी. चष्म्याच्या दुकानात नाही, शिबिरात नाही. शिबिरं मोतीबिंदूसाठी असतात, त्यांचं ते काम चांगलं आहे. पण एकाएकी दिसेनासं झालं तर थांबायचं नाही. आणि डोळ्यात दूध घालू नका, पू होतो."

आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही दुधाची कल्पना माझीच होती.

त्यांना भरती करून घेतलं. हृदयाचे डॉक्टर येऊन पाहून गेले, छातीला तारा लावून कागदावर रेघा काढल्या, गोळ्या सुरू झाल्या, पिंढरीला मलमपट्टी झाली. आत्याबाईंनी आधी मोहफुलांचं कारण काढलं, मग गाईचं, मग घराला कुलूप नसल्याचं. नर्सनं एकच सांगितलं, "आजी, खाटेवरून पाय खाली टाकला तर माझ्याशी गाठ आहे." जन्मात कुणी त्यांना असं बोललं नसेल. त्यांनी पाय वर घेतला.

निरोप मिळाल्यावर हे तुमसरहून धावत आले. आईच्या खाटेशी उभे राहून तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्याकडे लक्ष गेलं. "माय, दिसते ना आता?" हे या वेळी त्यांनी विचारलं नाही. कुंदाला घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिले, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले नाहीत.

चार-सहा दिवसांनी ठोके बरेच ताळ्यावर आले. घरी सोडायचं ठरलं, गोळ्या मात्र रोज, आणि महिन्याच्या महिन्याला दाखवायला यायचं. त्या दुपारी हे गोळ्या आणायला गेले होते. मी खाटेच्या पायथ्याशी बसून कुंदाची लंगोटं घडी करत होते. आत्याबाई छताकडे पाहत पडल्या होत्या.

"उषा, घरी गेल्यावर पुन्हा गेला तं?"

इतक्या दिवसांत त्यांनी भीती पहिल्यांदा बोलून दाखवली. मी हातातलं खाली ठेवलं. "तर मिळेल ती गाडी धरायची."

"अन् पावसाळ्यात नाल्याले पूर असला तं?"

"गोमाजींची बैलबंडी वरच्या पुलावरून नेऊ. त्यांना सांगून ठेवते."

"अन् गाडीत बसेपर्यंत डोळा आला तं?"

"तरी उतरायचं नाही."

त्या विचारात पडल्या. "अन् कंडक्टरनं इचारलं, बाई कुठं चालल्या, तं?"

"तर सांगायचं, डोळा दाखवायला."

"पण डोळा तं बरा झाला रायते ना तवा!"

मी कपाळाला हात लावला. "आत्याबाई, डॉक्टरांनी इतकं..."

त्या तोंडाला पदर लावून हलत होत्या. रडतात की काय म्हणून मी उठले, तर हसत होत्या. माझी गंमत करत होत्या, का खरंच विचारत होत्या, मला कळलं नाही. विचारलं तर सांगणार नव्हत्या, हे मात्र पक्कं माहीत होतं. त्यांनी हात लांब करून माझं मनगट धरलं, घट्ट. बराच वेळ धरून ठेवलं. मग सोडलं आणि कुशीवर वळल्या.

"बसून का राहिली?" भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "पंखा सुरू आहे वर. पोरीले टोपडं घाल."